लिनक्सचा डेस्कटॉप दुसऱ्या कॉम्प्युटरवरून: उबुंटू २४.०४ वर एक्सआरडीपी बसवताना

टर्मिनल उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवा. तिकडच्या मॉनिटरवर या क्षणी जे दिसतंय तेच तुम्हाला इकडे बघायचंय, की तिकडच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं वेगळं सेशन सुरू करून काम करायचंय? दोन्हीला लोक 'रिमोट डेस्कटॉप'च म्हणतात, पण आतली यंत्रणा वेगळी आहे. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे येतात.

गावी आईबाबांच्या कॉम्प्युटरवर नेमकं काय अडलंय ते त्यांच्याच स्क्रीनवर बघायचं असेल, तर तो पहिला प्रकार. त्यासाठी उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिमोट डेस्कटॉप, तिथे 'डेस्कटॉप शेअरिंग' आहे, ते पुरतं. मात्र तिकडे कोणीतरी लॉगिन केलेलं असावं लागतं, आणि स्क्रीनला कुलूप लागलं की जोडणी तुटते. ऑटोमॅटिक लॉगिन चालू ठेवलं तर आणखी एक गंमत होते: पासवर्ड न टाकता आत गेल्यामुळे कीरिंग, म्हणजे पासवर्डांची तिजोरी, उघडत नाही, शेअरिंगचा पासवर्ड त्या कीरिंगमध्येच असतो, आणि बाहेरून आत येता येत नाही.

इथे दुसऱ्या प्रकाराबद्दल. घरात किंवा ऑफिसात एक लिनक्स पीसी कोपऱ्यात पडून आहे, त्याला मॉनिटर असो वा नसो, आणि तुम्हाला विंडोज लॅपटॉपवरून त्यावर रोज काम करायचं आहे. त्यासाठी एक्सआरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला लिनक्सच्या बाजूने उत्तर देणारी सेवा) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) ही जोडी घ्या. दिसायला साधी आहे, पण टिकते. उबुंटू २४.०४ मध्ये गनोमचं, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं, स्वतःचं 'रिमोट लॉगिन'ही आलं आहे. त्यात आधी जोडणीचं एक नाव-पासवर्ड आणि मग खात्याचं वेगळं, असे दोन दरवाजे असतात आणि प्रत्येक क्लायंटशी ते जुळत नाही. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

कमांड वाचायची रीत

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ, 'इको' ई-सी-एच-ओ, 'सर्ट' सी-ई-आर-टी, 'आयबस' आय-बी-यू-एस; 'अ‍ॅडयूजर' म्हणजे अ‍ॅड आणि यूजर न तोडता जोडलेले. एपीटी, एक्सआरडीपी, यूएफडब्ल्यू, एसएसएच ही नावं सुट्या अक्षरांची. 'सिस्टिमसीटीएल' म्हणजे सिस्टिम या शब्दाला न तोडता जोडलेलं सी-टी-एल. इन्स्टॉल, अपडेट, स्टेटस हे नेहमीच्या स्पेलिंगचे इंग्रजी शब्द. जिथे मोकळी जागा दिसते तिथे एक स्पेस. सुडो पासवर्ड विचारेल तेव्हा टाइप केलेलं काहीच दिसणार नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करून एंटर दाबा.

पायरी १: पीसी जागा ठेवा

ही पायरी सगळे शेवटाला ठेवतात आणि मग ऑफिसात पोचल्यावर कळतं की घरचा पीसी झोपला आहे. सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड बंद केलं तरी ते फक्त तुमच्या खात्यापुरतं असतं. कोणीच लॉगिन नसताना समोर जी लॉगिन स्क्रीन असते, तिचे वीजबचतीचे नियम वेगळे असतात आणि ती पीसीला खुशाल झोपवू शकते. म्हणून झोपेचं दारच बंद करा:

सुडो सिस्टिमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

पुढे कधी पूर्ववत करायचं झालं तर याच कमांडमध्ये मास्कच्या जागी अनमास्क.

वीज जाते हेही गृहीत धरा. पीसी चालू करताना बायोसमध्ये शिरून 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची सेटिंग 'पॉवर ऑन'वर ठेवा, म्हणजे वीज परतली की पीसी आपोआप उठेल. पण उबुंटू टाकताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तो उठून पासवर्डाची वाट बघत तिथेच थांबेल, कारण नेटवर्क अजून सुरूच झालेलं नसतं. अशा पीसीसमोर घरचं कोणीतरी असणं भाग आहे.

पायरी २: पत्ता पक्का करा

टर्मिनलमध्ये होस्टनेम -आय टाइप करा. हे 'आय' मात्र मोठ्या अक्षरातलं. उत्तरात १९२.१६८.१.४० असा काहीतरी पत्ता येईल. एकापेक्षा जास्त आले तर पहिला बहुधा कामाचा. हा पत्ता राउटरने तात्पुरता दिलेला असतो आणि राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. राउटरच्या पानावर जाऊन 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये हा पीसी आणि हा पत्ता यांची गाठ बांधून टाका. पत्ता लिनक्सच्या बाजूने पक्का करण्यापेक्षा राउटरवर केलेला बरा. उद्या राउटर बदलला तर पीसी नेटवर्कबाहेर पडत नाही.

शक्य असेल तर पीसीला वायफायऐवजी लॅनची केबल लावा. चित्र अडखळत सरकतं तेव्हा दोष बऱ्याचदा वायफायचा निघतो.

पायरी ३: एक्सएफसीई आणि एक्सआरडीपी

आधी सेटिंग्जमधलं डेस्कटॉप शेअरिंग आणि रिमोट लॉगिन दोन्ही बंद आहेत ना, ते पाहा. तेही ३३८९ हाच पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याचा क्रमांकाचा दरवाजा, घेतात. एका पोर्टवर दोघं बसू शकत नाहीत. आधी आला तो बसतो आणि एक्सआरडीपी सुरूच होत नाही.

मग:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सआरडीपी

काहीशे एमबी उतरतील. मध्येच निळ्या पडद्यावर 'डिफॉल्ट डिस्प्ले मॅनेजर' कोणता असा प्रश्न आला तर जीडीएम३, म्हणजे उबुंटूची नेहमीची लॉगिन स्क्रीन, निवडा. लाइटडीएम निवडल्याने काही फुटत नाही, पण पीसीसमोर बसणाऱ्याला रोजची लॉगिन स्क्रीन अचानक बदललेली दिसेल.

आता लॉगिन झाल्यावर गनोम नको, एक्सएफसीई सुरू कर, हे सांगायचं:

इको एक्सएफसीई४-सेशन > ~/.एक्ससेशन

या ओळीत तीन चुका हमखास होतात. टिल्डनंतरची (~ या चिन्हानंतरची) तिरपी रेघ राहून जाते, एक्ससेशनच्या आधीचा टिंब सुटतो, किंवा ओळीच्या सुरुवातीला सुडो लावलं जातं. टिंब नसेल तर फाइल बनते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. सुडोची इथे गरजच नाही, कारण फाइल तुमच्याच होम फोल्डरमध्ये असते. आणि ही फाइल प्रत्येक खात्याची वेगळी. दोन जण वापरणार असतील तर दोघांनी आपापल्या खात्यातून ही ओळ चालवायची.

पुढची ओळ पुष्कळ जण गाळतात:

सुडो अ‍ॅडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट

एक्सआरडीपीची सेवा स्वतःच्या मर्यादित खात्यातून चालते. जोडणी एन्क्रिप्ट करायला लागणारी किल्ली ज्या फाइलमध्ये आहे ती वाचायची मुभा 'एसएसएल-सर्ट' गटालाच असते. ही ओळ तिला त्या गटात घेते. मग सेवा पुन्हा सुरू करा आणि तब्येत बघा:

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी
सुडो सिस्टिमसीटीएल स्टेटस एक्सआरडीपी

हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं पाहिजे. या पानातून बाहेर यायला क्यू दाबा.

पायरी ४: फायरवॉल

उबुंटू डेस्कटॉपवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल सुरुवातीला बंद असतो, त्यामुळे याशिवायही चालेल. तरी घरातल्याच नेटवर्कपुरता पोर्ट उघडा ठेवून फायरवॉल चालू करणं चांगलं:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३३८९ प्रोटो टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

तुमचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर तसा बदल करा. आणि तुम्ही एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनल चालवायच्या सोयीने, हे करत असाल, तर एनेबलच्या आधी सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच ही ओळ चालवा. नाहीतर नवी जोडणी घ्यायला जाल आणि दार बंद सापडेल.

पायरी ५: बाहेर पडा, मग जोडा

पीसीवरून लॉगआउट करा. स्क्रीन लॉक नव्हे, पूर्ण लॉगआउट. सेटिंग्जमधलं ऑटोमॅटिक लॉगिनही बंद करा, नाहीतर प्रत्येक रीस्टार्टनंतर पीसी स्वतःच तुमच्या नावाने आत जाऊन बसेल.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण म्हणजे काळी स्क्रीन. एकाच खात्याची दोन ग्राफिकल सेशन एकाच वेळी चालवायची लिनक्स डेस्कटॉपची तयारी नसते. प्रोग्रॅमांचा आपापसातला निरोप ज्या डीबसवरून जातो तो खात्याला एकच असतो. तिकडचं गनोम तो आधीच धरून बसलेलं असतं, आणि तुमचं नवं सेशन अर्धवट सुरू होऊन काळ्या पडद्यावर अडकतं, किंवा क्षणभर दिसून बंद होतं. यावर इंटरनेटवर एक लोकप्रिय ठिगळ फिरतं: एक्सआरडीपीच्या स्टार्टडब्ल्यूएम फाइलमध्ये 'अनसेट'च्या दोन ओळी घालायच्या. त्याने काळी स्क्रीन जाते खरी, पण त्यातून नवी दुखणी येतात. स्नॅपमधून (उबुंटूच्या प्रोग्रॅम बसवायच्या पद्धतीतून) आलेला फायरफॉक्स उघडायला नकार देतो, आणि आवाज गायब होऊ शकतो. त्यापेक्षा लॉगआउट सोपं. पीसीसमोर कोणाला नेहमी बसायचंच असेल तर दूरच्या कामासाठी वेगळं खातं करा: सुडो अ‍ॅडयूजर, आणि पुढे नव्या खात्याचं नाव.

आता विंडोजवर स्टार्ट मेनूत 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' शोधा, किंवा रनमध्ये एम-एस-टी-एस-सी टाइप करा. पत्त्याच्या चौकटीत १९२.१६८.१.४०, कनेक्ट. ओळख पटत नाही अशी सूचना येईल, कारण प्रमाणपत्र तुमच्या पीसीने स्वतःच बनवलेलं आहे. आपल्याच घरातल्या पीसीपुरतं हे स्वीकारायला हरकत नाही. पुढे एक्सआरडीपीची साधीशी चौकट दिसेल. सेशनच्या जागी 'एक्सऑर्ग' राहू द्या, लिनक्सचं नाव आणि पासवर्ड टाका. काही सेकंदांत एक्सएफसीई समोर येईल.

मॅकवर यासाठी मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज अ‍ॅप' आहे, लिनक्सवर रेमिना. बाकी सगळं तेच.

जोडणी झाली नाही तर

आधी दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते वेगळं काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.४० -पोर्ट ३३८९ चालवा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर नेटवर्क ठीक आहे, भानगड पीसीच्या आत आहे. 'फॉल्स' आलं आणि पीसीवर स्टेटसमध्ये एक्सआरडीपी 'अ‍ॅक्टिव्ह' दिसत असेल, तर एक्सआरडीपीला दोष देऊ नका. पीसी झोपला आहे, पत्ता बदलला आहे, फायरवॉल आडवा येतो आहे, किंवा लॅपटॉप राउटरच्या गेस्ट वायफायवर आहे. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना बाकीच्या घराशी बोलू द्यायचं नाही, हाच त्याचा उद्देश असतो.

चौकट येते पण 'लॉगिन फेल्ड' म्हणते: कॅप्स लॉक बघा, मग नाव पूर्ण लहान अक्षरांत आहे का ते बघा. लिनक्समध्ये मोठ्या-लहान अक्षरांचा फरक नावातही असतो. पासवर्डात विशेष चिन्हं असतील आणि विंडोजचा कीबोर्ड लेआउट वेगळा असेल तर चिन्हं बदलून जातात. आधी तोच पासवर्ड नावाच्या चौकटीत टाइप करून डोळ्यांनी बघा, मग पुसून टाका.

लॉगिन होतं आणि खिडकी लगेच मिटते: एक्ससेशनच्या फाइलमधली चूक, दहापैकी नऊ वेळा. कॅट ~/.एक्ससेशन करून आत एकच ओळ आहे ना, स्पेलिंग बरोबर आहे ना, ते तपासा. तिथे काही सापडलं नाही तर /व्हार/लॉग/ मधली एक्सआरडीपी-सेसमॅन.लॉग ही फाइल शेवटाकडून वाचा. सेशन का मेलं ते तिथे लिहिलेलं असतं.

रंगांच्या उपकरणासाठी परवानगी हवी म्हणून मध्येच पासवर्ड मागणारी चौकट येऊ शकते. रद्द करा, काही बिघडत नाही. दूरचं सेशन हे समोर बसलेल्या माणसाचं सेशन नाही, असं पॉलिसीकिट, म्हणजे लिनक्सची परवानग्या तपासणारी यंत्रणा, मानतं. म्हणूनच पेनड्राइव्ह जोडणं, पीसी बंद करणं अशा कामांनाही तिथे पासवर्ड मागितला जातो.

खिडकी बंद करणं आणि लॉगआउट करणं

रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी तिकडचं सेशन चालूच राहतं. रात्रभर चालणारं काम सुरू करून लॅपटॉप मिटायचा, सकाळी पुन्हा जोडून तिथूनच पुढे. ही या सगळ्या खटाटोपातली सर्वात मोठी सोय आहे. पण याच सोयीपायी महिनाभर कोणी लॉगआउट करत नाही, आणि मग पीसीसमोर बसून लॉगिन केलं की तीच काळ्या स्क्रीनची कथा उलट्या बाजूने घडते.

आणखी एक बारकावा. परत जोडताना एक्सआरडीपी जुनं सेशन ओळखतं ते खातं आणि कलर डेप्थ (रंगांसाठी वापरलेले बिट) या दोन्हींवरून. काल ३२ बिटवर जोडलं होतं आणि आज वेग हवा म्हणून १६ बिट केलं, तर समोर कोरं नवं सेशन येतं आणि कालच्या उघड्या खिडक्या गेल्या असं वाटतं. गेलेल्या नसतात. पुन्हा ३२ करून जोडा, जागेवर सापडतील. फायरफॉक्स 'आधीच चालू आहे' म्हणून अडून बसला तर समजा की त्याच खात्याचं दुसरं सेशन कुठेतरी जिवंत आहे.

वेग कमी वाटला तर एक्सएफसीईच्या सेटिंग्जमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स', त्यात 'कंपोझिटर', आणि तिथली खूण काढून टाका. सावल्या आणि पारदर्शकता जाते, खिडक्या सरकवणं सुसह्य होतं. वॉलपेपरच्या जागी एकच सपाट रंग ठेवा. फोटोपेक्षा तो पाठवायला फारच हलका पडतो.

घराबाहेरून

इथे मत स्पष्ट आहे: राउटरवर ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट पीसीपर्यंत वाट देऊ नका. एक दिवसासाठीसुद्धा नाही. इंटरनेटवर हा पोर्ट उघडा शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात, आणि तुमचं दार सापडलं की पासवर्ड आजमावणं सुरू होतं. शिवाय भारतातल्या बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर आणि मोबाइल इंटरनेटवर फॉरवर्ड करूनही उपयोग होत नाही. कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते; याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात दिसला तर तुम्ही त्यात आहात.

सोपा मार्ग टेलस्केल, म्हणजे आपल्या उपकरणांना इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारा प्रोग्रॅम. पीसी आणि लॅपटॉप दोन्हीकडे टाका, एकाच खात्याने आत जा. दोघांना १०० ने सुरू होणारा एकेक खासगी पत्ता मिळतो आणि सीजीनॅट आड येत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये १९२.१६८ च्या जागी पीसीचा हा पत्ता टाकायचा. यूएफडब्ल्यू चालू असेल तर त्याला सांगावं लागेल: सुडो यूएफडब्ल्यू अलाउ इन ऑन टेलस्केल०. शेवटचं शून्य टेलस्केलला चिकटून. आणि खात्याच्या पानावर जाऊन या पीसीपुरती 'की एक्स्पायरी' बंद करा. ती १८० दिवसांची असते. सगळं सुरळीत चालू असताना सहा महिन्यांनी एक दिवस पीसी गायब होतो आणि कारण सुचत नाही.

सार्वजनिक पत्ता असेल आणि एसएसएचची सवय असेल तर बोगदा काढा, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची जोडणी एसएसएचच्या आतून न्या. पीसीवर सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर करा, राउटरवर फक्त एसएसएचचा पोर्ट उघडा, आणि लॉगिन पासवर्डाऐवजी किल्लीने ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच क्लायंट आधीच असतो. पॉवरशेलमध्ये एसएसएच -एल ३३९०:लोकलहोस्ट:३३८९, मग स्पेस, मग खात्याचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि पत्ता. हे 'एल' मोठं. ही खिडकी उघडीच ठेवून रिमोट डेस्कटॉपला लोकलहोस्ट:३३९० द्या. लॅपटॉपच्या बाजूचा आकडा मुद्दाम ३३९० घेतला आहे, कारण लोकलहोस्टवरच्या ३३८९ ला विंडोज आपलाच रिमोट डेस्कटॉप समजून अडवू शकतं.

केवळ बोगद्यातूनच यायचं ठरवलं, तर /ईटीसी/एक्सआरडीपी/ मधल्या एक्सआरडीपी.आयएनआय फाइलमध्ये वरच्या बाजूला असलेली पोर्टची ओळ पोर्ट=टीसीपी://.:३३८९ अशी करा. तो एकुलता टिंब म्हणजे 'फक्त याच पीसीच्या आतून'. सेवा रीस्टार्ट केली की घरातल्या नेटवर्कवरूनही थेट जोडणी बंद होते, आणि टेलस्केलवरूनही. तेव्हा दोन्ही मार्ग एकत्र वापरणाऱ्यांनी हा बदल करू नये.

मराठी टाइप करायचं असेल तर

विंडोजकडचा कीबोर्ड मराठीवर ठेवून लिनक्समध्ये मराठी उमटेल अशी आशा धरू नका. एक्सआरडीपीकडे मुख्यतः कोणती कळ दाबली एवढंच पोचतं. अक्षर लिनक्सच्या बाजूला ठरतं. विंडोज इंग्रजीवरच ठेवा आणि मराठीची सोय पीसीवर आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅमने करा: सुडो एपीटी इन्स्टॉल आयबस-एम१७एन, मग आयएम-कॉन्फिग -एन आयबस. एकदा पूर्ण लॉगआउट करून परत या, आयबस-सेटअप चालवा आणि 'इनपुट मेथड'मध्ये मराठीची हवी ती पद्धत, इनस्क्रिप्ट किंवा उच्चाराची, जोडा.

भाषा बदलायची कळ मूळची सुपर आणि स्पेस असते, म्हणजे विंडोजची कळ आणि स्पेस. रिमोट डेस्कटॉप पूर्ण स्क्रीनवर असेल तरच ती पीसीपर्यंत पोचते. लहान खिडकीत असताना विंडोज ती मध्येच पकडून स्वतःचा कीबोर्ड बदलतं, आणि तुम्ही लिनक्सकडे बघत का बदलत नाही म्हणून दाबत राहता. आयबस-सेटअपच्या पहिल्याच पानावर ती बदलून कंट्रोल आणि स्पेस करा.